इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ घरी बसून कसा काढायचा

आत्याचं तिकीट मोबाईलवर आलं, तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "अगं, सोमवारी रात्री साडेआठला इंदूरहून निघायचं आणि मंगळवारी दुपारी पावणेएकला सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे सव्वासोळा तास झाले ना, मग सगळे तीस तास तीस तास काय म्हणतात?" प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे लोकमान्य नगर म्हणा, सुदामा नगर म्हणा, दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत नाहीतर कॅनडात आहे, आणि आईबाबा, काकू, आत्या पहिल्यांदा निघाल्या की हाच गोंधळ होतो. म्हणून त्या दिवशी आत्यासोबत बसून जो हिशोब केला तो जसाच्या तसा लिहिते आहे, शहरं बदलली तरी पद्धत हीच.

आधीच सांगते, अंतर काढणं सोपं आहे आणि ते एकदा काढावंच, पण घरातल्या माणसाला त्रास होतो तो तासांचा, किलोमीटरचा नाही. तरी सुरुवात अंतरापासून करू कारण वेळेचा अंदाज त्यातूनच येतो.

पहिली पायरी: दोरा आणि पृथ्वीगोल

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. तो नकाशा गोल पृथ्वी ताणून सपाट केलेला असतो, ध्रुवांकडचा भाग त्यात फुगतो, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं पण आफ्रिका खरं तर त्याच्या चौदापट मोठी आहे. पोरांचा पृथ्वीगोल काढा आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. एक टोक इंदूरवर दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा घट्ट ओढा, तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. आत्याने दोरा धरला तेव्हा तिला वाटलं होतं तो युरोपवरून जाईल, पण तो गेला सरळ वर, तिबेटचा पश्चिम भाग, अल्ताई पर्वत, सायबेरिया, उत्तर महासागर, आणि तिकडून अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात. ही वाट ७५ अंश उत्तरेपर्यंत चढते, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही बरीच वर. ह्या सगळ्यात जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात.

आता तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजा. आमच्या गोलावर तो ९६ सेंटीमीटर भरला, आणि इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को ३१ सेंटीमीटर. विषुववृत्त खरं आहे ४०,०७५ किलोमीटर. तर ३१ भागिले ९६ गुणिले ४०,०७५, उत्तर आलं साधारण १२,९४० किलोमीटर. खरा आकडा १३,०४० च्या आसपास आहे, म्हणजे शिवणाच्या दोऱ्याने फक्त शंभर किलोमीटरची चूक, मला तर हे फार भारी वाटलं.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर गुगल मॅप उघडा, इंदूर विमानतळावर राईट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय निवडा आणि मग दुसऱ्या शहरावर क्लिक करा, रेघ वाकडी दिसेल, घाबरू नका, सपाट नकाशावर सरळ वाट वाकडीच दिसते. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साईट पण आहे, तिथे फक्त विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकायचे, इंदूरचा आयडीआर, दिल्लीचा डीईएल, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. एक सांभाळा, उत्तर किलोमीटरमध्ये आहे की मैलात ते बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि विमानवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, तेच १३,०४० किलोमीटर एकीकडे साधारण ८,१०० दिसतात आणि दुसरीकडे ७,०४०, आणि लोक मग भांडत बसतात की कुठली साईट खोटी.

ज्यांना गणित आवडतं त्यांच्यासाठी. इंदूर विमानतळ २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम म्हणून रेखांशांची बेरीज करायची, १९८.१८ आले, हे १८० पेक्षा जास्त म्हणून ३६० मधून वजा, राहिले १६१.८२ अंश. मग दोन्ही अक्षांशांच्या साईनचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाईन आणि ह्या १६१.८२ चा कोसाईन असा तिघांचा गुणाकार मिळवायचा, जे उत्तर येईल त्याचा उलटा कोसाईन घेतला की ११७.३ अंश मिळतात. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.१९ किलोमीटर, गुणलं की झालं. एक्सेलमध्ये करत असाल तर अंश आधी रेडियनमध्ये बदला नाहीतर उत्तर भलतंच येतं, मी पहिल्यांदा तिथेच अडकले होते.

दुसरी पायरी: खरी वाट कुठून आहे ते बघा

इंदूरहून तिकडे थेट विमान नाही, कुठेतरी बदलायचंच आहे, आणि कुठे बदलता यावर अंतर हजारो किलोमीटरने हलतं. प्रत्येक टप्पा वेगळा मोजून बेरीज करा.

दिल्लीवरून थेट गेलात तर इंदूर ते दिल्ली ६६० आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०, बेरीज १३,०४०. म्हणजे दोऱ्यावरचं जे अंतर तेच, दिल्ली जवळजवळ त्या दोऱ्याखालीच येते, वाकडी वाट नाहीच. मुंबईवरून जायचं तर आधी खाली ५०५ किलोमीटर जायचं आणि मग तेच परत वर यायचं, बेरीज १४,०१५ च्या आसपास. दुबईवरून १५,१०० च्या वर. आणि आत्याच्या तिकिटावर होतं दिल्ली, मग फ्रँकफर्ट, ते असं: ६६० अधिक ६,१२० अधिक ९,१५०, म्हणजे १५,९३०. दोऱ्यापेक्षा जवळजवळ २,९०० किलोमीटर जास्त. तरी आम्ही तेच घेतलं, कारण आत्याला सलग पंधरा-सोळा तास बसून गुडघे धरतात, मध्ये अडीच तास चालायला मिळतंय हे तिच्यासाठी बरं होतं. तेव्हा कमी अंतर म्हणजे चांगलं तिकीट असं डोळे झाकून धरू नका.

तिसरी पायरी: किलोमीटरचे तास

मोठी विमानं, बोईंग ७८७, ७७७ वगैरे, वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, ए३२० सारखी छोटी थोडी हळू, ८३० च्या आसपास. पण सरळ ९०० ने भागलं की उत्तर कमी येतं, कारण चढायला, उतरायला आणि रनवेपर्यंत रांगत जायला वेळ जातो, शिवाय वारा असतो. आपल्या आणि युरोप अमेरिकेच्या अक्षांशांवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. त्यामुळे पश्चिमेला जाताना विमान वाऱ्याच्या तोंडाला तोंड देत जातं आणि परत येताना वारा पाठीशी असतो.

मी हे सूत्र वापरते. पश्चिमेला जात असाल तर अंतराला ८०० ते ८५० ने भागा, पूर्वेला येत असाल तर ९०० ते ९५० ने, आणि दोन्हीत वर अर्धा तास घाला. मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, जाताना ८०० ने भागून नऊ तास, अधिक अर्धा, साडेनऊ, येताना ९०० ने भागून आठ अधिक अर्धा, साडेआठ. तिकिटावरच्या वेळांशी ताडून बघा, जवळपास बसतं. दोन हजार किलोमीटरच्या आतल्या छोट्या उड्डाणाला हे लावू नका, इंदूर दिल्ली ६६० किलोमीटरला सूत्राने सव्वा तास येतो पण तिकिटावर बहुतेक दीडच्या आसपास असतो, तिथे चढणं उतरणं आणि दिल्लीवर घिरट्या घालणं यातच निम्मा वेळ जातो.

वाऱ्याची ताकद किती असते त्याची दोन उदाहरणं सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या दिवसात ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी ह्याला साडेसहा सात तास लागतात. आणि दुसरं तर आपल्या दिल्ली सॅन फ्रान्सिस्कोचंच आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ही फ्लाईट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली, अंतर झालं जवळजवळ १५,३०० किलोमीटर, म्हणजे आधीपेक्षा साधारण १,४०० किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा कमी! लांबची वाट आणि कमी वेळ, फक्त वारा पाठीशी घेतला म्हणून. परतताना मात्र अटलांटिकवरूनच, त्यामुळे जाऊन येऊन पृथ्वीची पूर्ण प्रदक्षिणा व्हायची.

ह्यात अजून एक गोष्ट आहे जी दोऱ्यावर दिसत नाही, ती म्हणजे कुठलं आकाश बंद आहे. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय कंपन्यांसाठी परत बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं खाली अरबी समुद्रावरून वळून जायला लागली, आणि अमेरिकेच्या काही फ्लाईट्सना तेल भरायला व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागलं. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, फिनएअरची हेलसिंकी टोकियो फ्लाईट नऊ तासांची तेरा तासांवर गेली. म्हणून मागच्या वर्षी मावशी इतक्या तासांत गेली होती हा पुरावा धरू नका, ज्या महिन्यात जायचं त्या महिन्याचंच वेळापत्रक उघडा.

चौथी पायरी: सगळी घड्याळं इंदूरच्या वेळेत आणा

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, हे नीट वाचा.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. आपल्याला हे नवीन नाही, शेजारच्या उज्जैनवरून जाणारी रेषा धरूनच जुने ज्योतिषी सगळ्या देशाची वेळ मोजायचे. आजची भारतीय वेळ ८२.५ अंशाच्या रेषेची आहे, मिर्झापूरजवळची, आणि इंदूर आहे ७५.८६ वर, म्हणजे आपल्या राजवाड्यावर सूर्य घड्याळापेक्षा साडेसव्वीस मिनिटं मागे असतो. आता हेच इंदूर आणि कॅलिफोर्नियाच्या मध्ये किती होईल विचार करा.

भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास मागे आणि उन्हाळ्यात सात तास मागे, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणून आपल्यात आणि त्यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. जर्मनीत फरक उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार, आणि त्यांची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावाची असते, हे शंभरदा सांगितलं तरी माणूस विसरतो.

तर एक कागद घ्या, तीन रकाने आखा: गाव, तिकिटावरची वेळ, इंदूरची वेळ. आत्याचा जूनचा कागद असा झाला.

इंदूर सोमवार रात्री ८.३०, दिल्ली रात्री १०.००, दोन्ही आपलीच वेळ. दीड तास.

दिल्ली मंगळवार पहाटे ३.००, फ्रँकफर्ट सकाळी ७.४५. त्यात साडेतीन तास मिळवले की इंदूरला सकाळचे ११.१५. म्हणजे उड्डाण सव्वाआठ तासांचं, पावणेपाच तासांचं नाही.

फ्रँकफर्ट १०.१५ म्हणजे इंदूरला दुपारचे १.४५. सॅन फ्रान्सिस्को १२.४५, त्यात साडेबारा मिळवले, इंदूरला बुधवार उजाडून रात्रीचे १.१५ झालेले. साडेअकरा तास.

आता पहिली आणि शेवटची ओळ बघा, सोमवार रात्री साडेआठ ते मंगळवारची मध्यरात्र उलटून सव्वा, पावणे एकोणतीस तास. विमानात सव्वाएकवीस आणि विमानतळावर बसून साडेसात. तिकिटावर जे सव्वासोळा दिसत होते त्यात साडेबारा मिळवा, तेच उत्तर येतं, हा पडताळा जरूर करा. आत्या कागदाकडे बघून म्हणाली, "म्हणजे मंगळवार मला दीड दिवसाचा पडणार." अगदी तसंच.

पाचवी पायरी: दारापासून दारापर्यंत

विमानतळ बिजासन टेकडीजवळ, घरापासून लांब नाही, पण उड्डाणाच्या दोन तास आधी आत पोचायचं आणि संध्याकाळी रस्त्यावर गर्दी, म्हणून सहाला निघायचं, अडीच तास तिथेच वाढले. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, आणि मग लेकीच्या घरापर्यंत गाडी, अजून अडीच तास धरा. एकूण पावणेचौतीस तास. हाच आकडा खरा आहे, आणि मधुमेहाच्या गोळ्या, जेवण, झोप सगळं ह्या आकड्यावर बसवायचं. आत्याच्या हातातलं घड्याळ आम्ही मुद्दाम इंदूरच्याच वेळेवर ठेवलं, गोळ्यांच्या डब्यांवर पण इंदूरची वेळ लिहिली, म्हणजे विमानात कोणी कुठली वेळ सांगितली तरी गोळी चुकणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना हा कागद दाखवा आणि डोस त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

मधल्या थांब्याबद्दल मी जरा कडक आहे. दोन टप्पे वेगळ्या तिकिटांवर घेऊ नका, पाच दहा हजार वाचतात म्हणून तर नाहीच. आमच्या काकांनी इंदूर मुंबई एक आणि मुंबईहून पुढचं दुसरं असं घेतलं होतं, पहिलं विमान अडीच तास उशिरा निघालं आणि पुढचं गेलं, दुसऱ्या कंपनीने सांगितलं तुम्ही आलाच नाही, पैसे परत नाहीत, आणि साठीतला माणूस रात्रभर खुर्चीवर बसून राहिला. एकाच तिकिटावर असतं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची असती. वेगळं घेणं भागच असेल तर मधे सहा तास तरी ठेवा किंवा सरळ आदल्या दिवशीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठा. रेल्वेने ते अंतर ८३० किलोमीटरच्या आसपास पडतं, विमानाच्या ५०५ ऐवजी, पण सकाळी तुम्ही मुंबईत असता आणि दिवसभर हातात राहतो. मुंबईत कुठलं विमानतळ तेही बघा, कोड बीओएम आहे की नवी मुंबईचा एनएमआय, आणि बीओएम असेल तर टर्मिनल १ की २, कारण बाहेरून रस्त्याने जावं लागतं. डिसेंबर जानेवारीत दिल्लीचं धुकं लक्षात ठेवा, पहाटेच्या पुढच्या विमानासाठी संध्याकाळीच दिल्लीला पोचलेलं बरं.

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच सामान उचलून कस्टम्समधून जावं लागतं, पुढे दुसऱ्या गावी जायचं असलं तरी. म्हणून शिकागोत उतरून पुढे जाणारं तिकीट असेल तर तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाच्या साईटवर बघा, हे नियम बदलत असतात.

परतीचा कागद वेगळा करा

जायचा कागद उलटा धरून परतीचा होत नाही. आत्या नोव्हेंबरच्या मध्यावर परत येते आहे, तोपर्यंत दोन्हीकडची घड्याळं बदललेली असतील, म्हणून फरक आता साडेतेरा आणि साडेचार. सॅन फ्रान्सिस्को शुक्रवार दुपारी २.३०, म्हणजे इंदूरला शनिवार पहाटेचे ४.००. फ्रँकफर्ट शनिवार सकाळी १०.१५, आपले दुपारचे २.४५, पावणेअकरा तास, जाताना साडेअकरा होते, बघा वाऱ्याने पाऊण तास वाचवला. फ्रँकफर्टहून दुपारी १.१५ ला, म्हणजे आपल्या ५.४५ ला निघून दिल्ली रविवार रात्री १.१५, साडेसात तास. दिल्लीहून सकाळी ६.३०, इंदूर ८.००.

तिकिटावर शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ म्हणजे साडेएक्केचाळीस तास दिसतात, आणि हे बघून आत्या परत घाबरली. त्यातून साडेतेरा वजा करा, अठ्ठावीस. जाताना सोळा दिसले, येताना एक्केचाळीस दिसतात, खरे दोन्ही अठ्ठावीसच्या आसपासच.

दोन्ही कागदांचे फोटो काढून घरच्या सगळ्यांना पाठवलेत, आणि परतीच्या कागदावर रविवार ह्या शब्दाखाली लाल पेनने दोन रेघा मारल्यात, कारण शुक्रवारी निघते म्हणजे शनिवारी पोचेल असं समजून दादा एक दिवस आधीच गाडी घेऊन विमानतळावर जाऊन उभा राहायचा.